साक्ष दिली आणि आजार परत आला: प्रार्थना, गोळ्या आणि आपण

अबोली_नगर

जय ख्रिस्त, आणि सगळ्यांना नमस्कार. धागा ख्रिस्ती सदस्यांसाठी काढतेय, पण ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो त्या सगळ्यांनीच लिहा.

मला शाळेत असल्यापासून फिट्स येतात. मधली काही वर्षं एकही आली नाही. त्या काळात मी आमच्या मंडळीत उभं राहून साक्ष दिली की प्रभूने मला सांभाळलं. गोळ्या चालू आहेत हेही सांगितलं होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की "अबोली बरी झाली".

गेल्या उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत) एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी चर्चमध्येच फिट आली. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटलं, जळक्या रबराचा वास आला (तो मला एकटीलाच येतो), पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्ताची चव होती, नवऱ्याने मला कुशीवर वळवून धरलं होतं आणि कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती.

फिटची मला सवय आहे. नंतर जे झालं त्याची नव्हती. "एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का बघ." "गोळी घेतेस म्हणजे तुझा भरवसा गोळीवर." जाऊबाई प्रेमाने त्यांच्या फेलोशिपमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. खरं सांगते, खूप शांत वाटलं. मग ते म्हणाले, आता गोळ्यांची डबी इथेच ठेवून जा. मी ठेवली नाही.

प्रार्थनेने मला जे दिलं ते कुठल्याही डॉक्टरने दिलेलं नाही, आणि गोळीने जे दिलं तेही देवाच्याच हातून आलं, असं मी मानते. त्यावर वाद घालायला हा धागा नाही. मला विचारायचंय ते असं: आजार परत आल्यावर तुम्ही काय मागता? "बरं कर" हे शब्द परत तोंडातून निघतात का? आणि ज्यांच्यासमोर साक्ष दिली त्यांच्यासमोर परत कसे उभे राहता?

दीपक_संगमनेर

ताई, डबी ठेवली नाहीत ते फार बरं केलंत. बाकी सावकाश लिहितो.

वसईचा_जो

आमची तऱ्हा कॅथलिक, पण दुखणं तेच. मला मूतखडा होतो, पडतो, परत होतो. डॉक्टर म्हणाले, एकदा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत परत होतो. आई दर सप्टेंबरला मला घेऊन वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीच्या चर्चला) जाते. तिथे बाहेर मेणाचे हात, पाय, डोकी, बाळं, घरं मिळतात, ज्याचं जे दुखतं ते अर्पण करायचं. एका वर्षी आईने सगळ्या टपऱ्या पालथ्या घातल्या, पण मेणाचं मूत्रपिंड काही मिळेना. शेवटी तिने अख्खा माणूस घेतला, म्हणाली, "मावलीला आतलं कळतं."

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: मी दर वेळी तेच मागतो, अगदी त्याच शब्दांत. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जे हजारो लोक येतात, त्यातले कितीतरी वर्षानुवर्षं तीच मागणी घेऊन येतात. परत परत मागण्यात कमीपणा आहे असं आमच्याकडे कुणी मानत नाही. आणि पाणी भरपूर पितो.

तर्कनिष्ठ_पुणे

अबोलीताई, तुमच्या धैर्याबद्दल आदर आहे. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. "प्रार्थनेने बरं होतं" याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २००६ साली तो छापून आला. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यात फरक पडला नाही. उलट "तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे" असं ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली, ५९ टक्के विरुद्ध ५२.

दुसरं, डबी ठेवून जा म्हणणारे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचारांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्यात, ज्या आजारांवर खात्रीच्या उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, नावानिशी आहे. लोकांनी याची जाणीव ठेवावी.

विश्वासात_उभा

तर्कनिष्ठ साहेब, देवाला प्रयोगशाळेत बसवून काय कळणार? माझी साक्ष ऐका. लहानपणी मला दम्याचा असा त्रास होता की रात्र रात्र आई मला बसवून ठेवायची. इन्हेलर परवडत नव्हता. आई छातीवर हात ठेवून बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५३ वा अध्याय म्हणायची, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य मिळालं. बारावीनंतर दमा गेला तो गेला. आज मी पोलीस भरतीच्या मुलांना पळवतो. हे कुणी केलं?

अबोलीताई, तुम्हाला दुखवायचं नाही. पण वचनात आरोग्याचं अभिवचन आहे, ते धरून ठेवायला हवं. "दोन्ही चालतं" म्हणताना धार बोथट होते असं मला मनापासून वाटतं.

डॉ_रेणुका_सांगली

मी फिजिशियन आहे, मिरजेत शिकले. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केलं, त्या गावात प्रार्थना आणि औषध यांचं भांडण ऐकायला मिळालं की मला आश्चर्य वाटतं. इथे मिशनने येशूच्या नावानेच दवाखाना काढला होता!

विश्वासात_उभा, तुमच्या आईबद्दल मनापासून आदर आहे. लहानपणीचा दमा बऱ्याच मुलांमध्ये वयात येताना कमी होतो हे खरं आहे. काही प्रकारच्या फिट्सही वयाबरोबर थांबतात. पण कुणाच्या थांबतील हे ठरवायला तपासण्या लागतात, आणि औषध कमी करायचं ते सहसा किमान दोन वर्षं फिट आली नाही की, डॉक्टरांनी, हळूहळू. एकदम बंद केलं तर फिट थांबतच नाही अशी वेळ येते, आणि त्यात जीव जातो.

योग्य औषधांनी दहापैकी सात जणांच्या फिट्स आटोक्यात राहू शकतात. उरलेल्यांच्या फिट्स त्यांच्या विश्वासात काही कमी आहे म्हणून येत नाहीत. परत येण्याची नेहमीची कारणं: चुकलेली गोळी, झोप न होणं, ताप, दारू. अबोली, एक विचारू? तो उपवासकाळ होता म्हणालात. उपास किंवा जागरण झालं होतं का?

अबोली_नगर

होय डॉक्टर. आदल्या आठवड्यात रात्रभराच्या प्रार्थनासभा होत्या आणि मी त्यातल्या बऱ्याच केल्या. गोळी चुकली नव्हती. माझ्या डॉक्टरांनीही झोपेवरच बोट ठेवलं. पण गंमत बघा, ज्या बायकांनी मला पापाचं विचारलं त्यांच्यातली एकही म्हणाली नाही की "बाई, तू झोपली होतीस का?"

तर्कनिष्ठ, तुम्ही दिलेला अभ्यास मी वाचला, नाकारत नाही. त्यात अनोळखी माणसांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं आणि ठरावीक वाक्य म्हणायला सांगितलं होतं. माझ्यासाठी प्रार्थना म्हणजे आमच्या गल्लीतल्या मावशी, ज्या फिटनंतर तीन दिवस डबा घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसून उपासना संगीत या भजनांच्या पुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणत राहिल्या. त्याने माझ्या मेंदूतली वीज बदलली असं मी म्हणत नाही. त्याने मला परत घराबाहेर पडता आलं.

गोदाकाठ

मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे खंडोबा. पण वाचताना माझ्या मोठ्या बहिणीची आठवण आली. तिला फिट आली की सगळं गाव कांदा घेऊन धावायचं. आमच्याकडे कांदा, तुमच्याकडे चप्पल, नाक मात्र तेच बिचारं!

तिचं लग्न ठरेना म्हणून घरच्यांनी आजार लपवला. पुढे सासरी कळलं आणि फार हाल झाले. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके येणं हीसुद्धा लग्नाला आडकाठी होती. १९९९ साली ती अट काढली. कायद्यातून गेली, लोकांच्या डोक्यातून जायला वेळ लागतोय.

डॉ_रेणुका_सांगली

गोदाकाठ, कांदा-चप्पल विषय काढलात ते बरं झालं, एकदा लिहूनच टाकते. फिट साधारण एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आपण हुंगवल्यामुळे नाही. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघा: पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८. आणि आपल्या देशात फिट्सचं एक मोठं कारण मेंदूत जाऊन बसणाऱ्या फीतकृमीच्या अळ्या हे आहे. तो संसर्ग न धुतलेल्या भाज्यांतून आणि अस्वच्छ हातांतूनही होतो, तेव्हा कोशिंबिरीची पानं नीट धुवा.

निवृत्त_पाळक

अबोली, मुली, मी तुझ्याच जिल्ह्यात बरीच वर्षं मंडळ्या सांभाळल्या. वाचून फार वाईट वाटलं, आणि जे बोलायला हवं ते चर्चमध्ये कुणी बोललं नाही याचा रागही आला. म्हणून जरा लांब लिहितो.

पापाचं आधी. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, पाप याने केलं की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, यानेही नाही आणि त्यांनीही नाही. ज्यांनी तुला विचारलं त्यांना हा अध्याय वाचायला सांग. मोठ्याने वाचायला सांग.

फिट्सना "दुष्ट आत्मा" म्हणणारेही भेटले असतील. ते मार्काच्या शुभवर्तमानातली, आत्मा लागून झटके येणाऱ्या मुलाची गोष्ट पुढे करतात. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायाच्या चोविसाव्या ओवीत प्रभूकडे कोणाकोणाला आणलं त्याची यादी आहे. त्यात भूतग्रस्त वेगळे लिहिलेत आणि फेफरेकरी वेगळे. म्हणजे त्या काळच्या लेखकालाही ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ठाऊक होतं.

आता प्रेषित पौल. प्रेषितांच्या कृत्यांत त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं लिहिलंय. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की पोटासाठी आणि तुझ्या वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. वारंवारच्या! रुमाल पाठवला नाही, त्या काळचं घरगुती औषध सांगितलं. आणि दुसऱ्या पत्रात शेवटी लिहितो की माझा सोबती त्रफिम याला मी मिलेत गावी आजारी सोडून आलो. का बरा झाला नाही, कुणाचा विश्वास कमी पडला, एक अक्षर नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. तो काटा कोणता होता यावर शतकानुशतकं वाद आहे, काहींनी तर फेफरंच असावं असंही म्हटलंय. ठामपणे सांगता येत नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे. प्रत्येक दुखणाईताला त्यात आपलं दुखणं ठेवता येतं.

विश्वासात_उभा, बाळा, तुझी आई मोठी विश्वासाची बाई. पण याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं आहे. औषध काढून घ्या असं कुठे आहे ते दाखव. हिज्कीया राजाच्या आजारपणाच्या वेळी प्रार्थना ऐकली गेल्यावरही यशयाने अंजिराचं पोटीस लावायला सांगितलंच. तू ५३ वा अध्याय धरतोस, तर त्याच पुस्तकातला ३८ वाही धर.

वसईचा_जो

पाळकसाहेब, आमच्या बायबलमध्ये बेनसिराचं पुस्तकही आहे. त्याच्या ३८ व्या अध्यायात सरळ लिहिलंय की वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केलंय, आणि औषधं देवाने जमिनीतूनच उगवली आहेत. आधी प्रार्थना कर, मग वैद्याला जागा दे. आणि आमच्याकडे उपासाच्या नियमातून आजारी माणसाला सूट असते. अबोलीताई, पुढच्या उपवासकाळात रात्री झोपून घ्या. प्रार्थना करायला आम्ही जागे राहतो.

विश्वासात_उभा

पाळकसाहेब, यशया ३८ मी आज परत वाचला. डबी काढून घेणं बरोबर नाही, हे मान्य. पण "बरं कर" हे मागणं सोडू नये, एवढं मी धरून राहणार. बाराशे माणसांच्या मंडळीत एकाने तरी उभं राहून "प्रभू आजही बरं करतो" म्हणायला हवं.

निवृत्त_पाळक

मागणं सोडायला मी कुठे सांगितलं? माग. रोज माग.

पुन्हा_सकाळ

मी सहसा वाचते, लिहीत नाही. न्यू जर्सीत असते, माहेर पुण्याचं. माझं दुखणं डिप्रेशन. येतं, जातं, परत येतं. गोळ्या घेते, थेरपिस्टकडे जाते.

अबोली, "परत आल्यावर काय मागता" असं तुम्ही विचारलंत. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मला काहीच मागता येईना. शब्दच नव्हते. इथल्या मराठी प्रार्थनागटात सगळे आनंदाची स्तोत्रं लावायचे आणि मी कॅमेरा बंद करून बसायचे. मग एका बाईंनी मला ८८ वं स्तोत्र वाचायला सांगितलं. बहुतेक सगळी विलापाची स्तोत्रं शेवटाकडे देवाच्या स्तुतीवर येतात, हे येत नाही. अंधारातच संपतं. मला इतका आधार वाटला की असंही बोलता येतं आणि तेसुद्धा पवित्र शास्त्रात ठेवलंय. किती आठवडे मी तेवढंच वाचलं. कोणी मला "आनंदित राहा" म्हटलं असतं तर मी गट सोडला असता.

तर्कनिष्ठ_पुणे

पुन्हा_सकाळ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी देव मानत नाही आणि तो अभ्यास मागे घेत नाही. पण अनोळखी लोकांची यादीवाचनाची प्रार्थना आणि शेजारणीने उशाशी बसून म्हटलेली भजनं या दोन गोष्टी एका मापात मोजता येत नाहीत, हे अबोलीताईंचं म्हणणं पटलं.

दीपक_संगमनेर

सावकाश लिहितो म्हणालो होतो. माझ्या चुलत्यांना फिट्स होत्या. एका सभेत त्यांच्या गोळ्या सगळ्यांसमोर फेकायला लावल्या. घरी आल्यावर चौथ्या दिवशी फिट आली ती थांबेना, नगरला नेईपर्यंत रस्त्यात तशीच चालू. वाचले, पण उजवा हात आणि बोलणं पूर्वीसारखं राहिलं नाही. सभेतलं कुणी भेटायला आलं नाही. चुलते मात्र आजही दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जातात. चुलती पिशवीत गोळ्या, पाणी आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या वेळा घेऊन बरोबर असते. "आई सगळं बघते, पण आठची गोळी मी बघते," असं ती म्हणते.

नवीन_आई_श्रीरामपूर

नमस्कार. मी आजच सदस्य झाले. माझ्या मुलाला, वय ९, महिन्याभरात दुसऱ्यांदा झटका आला. डॉक्टरांनी ईईजी (मेंदूतल्या विजेची तपासणी) सांगितलाय. सासूबाई म्हणतात आधी उपास आणि प्रार्थना करू, तपासणी नंतर. मी फार घाबरलेय. काय करू?

डॉ_रेणुका_सांगली

तपासणी थांबवू नका. पुढचा झटका आला तर मुलाला कुशीवर वळवून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. कधी आला, किती वेळ टिकला, आधी काय करत होता, हे वहीत लिहा. त्याला एकट्याला विहिरीवर, पोहायला, गच्चीवर पाठवू नका. झोप पूर्ण होऊ द्या.

अबोली_नगर

बाई, सासूबाईंना सांगा की उपास मोठ्यांनी करावा, मुलाने नाही. तपासणीच्या दिवशी त्या बाहेर बाकावर बसून प्रार्थना करू शकतात. माझी आई तशीच बसायची. मुलाला शिक्षा झालीय किंवा कुणाचं पाप भोवतंय असं त्याच्या कानावर पडू देऊ नका. मी त्या वयात ते ऐकलंय आणि ते फिटपेक्षा जास्त दिवस अंगात राहतं. शाळेतल्या बाईंना विश्वासात घ्या, काय करायचं ते डॉक्टरांनी लिहिलंय तसं कागदावर लिहून द्या.

इतरांनी माझ्या प्रश्नाला जे दिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी आमच्या पाळकांशी बोलले. त्यांनी पुढच्या महिन्यातल्या साक्षीच्या रविवारी मला वेळ दिलाय. मी सांगणार आहे की आजार आहे, गोळी आहे, प्रभू आहे, आणि तिन्ही चालू आहेत. डॉक्टर रेणुका, फिट आल्यावर काय करायचं ते तुमचे मुद्दे मंडळीच्या सूचनाफलकावर लावायची परवानगी द्याल का? चप्पल नको हे ठळक अक्षरात.

डॉ_रेणुका_सांगली

जरूर लावा. कांदाही लिहा.

विश्वासात_उभा

श्रीरामपूरच्या ताई, मुलाचं पहिलं नाव आणि ईईजीची तारीख मला निरोपातून कळवा. आई आणि मी त्या दिवशी प्रार्थनेला बसू. तपासणी मात्र नक्की करा.